तंबाखूच्या गावातलं मैदान

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरम शहराची गोष्ट तिथली म्हातारी माणसं एका लुटीपासून सुरू करतात. १८६५चा एप्रिल महिना. यादवी युद्ध संपत आलेलं. डरम म्हणजे तेव्हा रेल्वेचं एक लहानसं ठाणं आणि भोवती तंबाखूची शेतं. जवळच बेनेट नावाच्या शेतकऱ्याच्या घरात दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन आणि उत्तरेचा सेनापती शर्मन शरणागतीच्या अटी ठरवत बसले होते. वाटाघाटी लांबल्या, आणि रिकामे बसलेले दोन्ही बाजूंचे सैनिक जॉन ग्रीन नावाच्या व्यापाऱ्याच्या कारखान्यात शिरले. होती नव्हती ती सगळी तंबाखू त्यांनी उचलली. ग्रीनने कपाळाला हात लावला. पण सैनिक आपापल्या राज्यांत परतले आणि पत्रं येऊ लागली : ती तंबाखू पुन्हा हवी, पैसे पाठवतो. ग्रीनने आपल्या मालावर बैलाचं चित्र छापलं. इंग्लंडातून येणाऱ्या मोहरीच्या डब्यावरचा बैल पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. ‘बुल डरम’ हे नाव जगभर गेलं आणि शहराला बैल कायमचा लाभला. १९०२ साली तिथे व्यावसायिक बेसबॉल संघ उभा राहिला. तो आधी ‘टोबॅकोनिस्ट्स’ होता, पुढे १९१३ साली ‘डरम बुल्स’ झाला.

ही गोष्ट मला सांगितली ती एका निवृत्त शिक्षिकेने. फेयेटव्हिल रस्त्यावरच्या स्टॅनफर्ड वॉरन ग्रंथालयात मी मुलीला घेऊन जायची, तिथे त्या रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला यायच्या. हे ग्रंथालय १९४० साली बांधलं गेलं ते कृष्णवर्णीयांसाठी, कारण शहरातल्या दुसऱ्या ग्रंथालयाची दारं त्यांना बंद होती. शिक्षिकाबाईंचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी, तिथून हाकेच्या अंतरावर झालेला. तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘मॅम’ म्हणते आणि त्या मला ‘हनी’ म्हणतात. लुटीची गोष्ट सांगून झाल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “या गोष्टीत सगळे आले, हनी. ग्रीन आला, सैनिक आले, बैलसुद्धा आला. पण ती तंबाखू लावली कोणी, खुडली कोणी, पोत्यांत भरली कोणी, ते कुणी सांगत नाही.”

मला माझी आजी आठवली. माझं आजोळ निपाणीचं. विडीच्या तंबाखूची ती मोठी पेठ. आजी लग्नाआधी आणि लग्नानंतरही वखारीत कामाला जायची. तंबाखू चाळायची, निवडायची, काड्या वेगळ्या करायच्या. नाकातोंडावर पदर बांधून दिवसभर बसायचं आणि तरी रात्री खोकताना तंबाखूची धूळ बाहेर यायची, असं ती सांगायची. निपाणीचा इतिहास म्हणून आम्हाला शाळेत व्यापाऱ्यांची नावं माहीत होती. मोठेपणी १९८१चं आंदोलन कळलं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पण वखारीतल्या बायकांची गोष्ट मला आजीच्याच तोंडून मिळाली. ती नसती तर मिळाली नसती. म्हणून मॅमचं ते बोलणं ऐकताना मी परक्या देशात आहे असं मला वाटलं नाही.

मॅमच्या आईचं कामही पानाचंच. वाळलेल्या पानाच्या मधला जाड दांडा ओढून काढायचा. डरमच्या कारखान्यांत हे काम मुख्यत्वे कृष्णवर्णीय बायकांकडे असायचं. धुळीचं, उकाड्याचं आणि कमी मजुरीचं. सिगारेट वळणारी यंत्रं असलेल्या स्वच्छ विभागांत गोऱ्या बायका. दोघींच्या युनियनच्या शाखासुद्धा वेगळ्या. “आई घरी आली की दारातच एप्रन झटकायची,” मॅम म्हणाल्या. “आम्ही मुलं दूर पळायचो. वडील मात्र तसेच, पँटच्या दुमडीत भुगा घेऊन, थेट मैदानावर जायचे.”

ते मैदान मला बघायचं होतं. एका शनिवारी मी त्यांना गाडीत घालून घेऊन गेले.

डरम अ‍ॅथलेटिक पार्क, म्हणजे जुनं मैदान, शहराच्या मध्यभागाच्या उत्तरेला आहे. १९२६ साली ते ‘एल टोरो पार्क’ म्हणून सुरू झालं तेव्हा बेसबॉलचे सर्वेसर्वा न्यायमूर्ती लँडिस उद्घाटनाला आले होते आणि चक्क बैलावर बसून मैदानात शिरले, असं सांगतात. पुढे मैदान नगरपालिकेकडे आलं आणि नाव बदललं. १९३९च्या जूनमध्ये लाकडी स्टँड जळून खाक झाला. त्या जागी काँक्रीट आणि पोलादाचा स्टँड उभा राहिला. शंकूच्या आकाराचं छप्पर असलेलं तिकीटघर, छताखालची मोजकी बाकं, आणि मैदानाच्या इतक्या जवळ की फलंदाजाचं पुटपुटणं ऐकू यावं. भोवती एके काळी तंबाखूची लिलावघरं होती. शरद ऋतूत शेतकरी माल घेऊन यायचे, लिलाव पुकारणारा एका श्वासात भाव म्हणत ढिगांमधून चालायचा आणि खरेदीदार मागोमाग नुसत्या खुणांनी बोली लावत जायचे. शेवटच्या मोठ्या लिलावघरांपैकी लिबर्टी वेअरहाउस १९३८चं. ते २०१४ साली पाडलं आणि तिथे सदनिका आल्या. आज या भागात बिअर बनवणारे कारखाने आहेत, शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तरुण जोडपी कुत्री फिरवतात.

मॅम कुंपणाच्या जाळीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी काठी उचलून मैदानापलीकडे दाखवलं. “आमची बसायची जागा वेगळी. तिकीट काढलं म्हणून कुठेही बसता यायचं नाही.” डरम ब्लॅक सॉक्स नावाचा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघही याच मैदानावर खेळायचा. मैदान एक, गवत एक. संघ दोन, बाकं दोन.

मग त्यांनी १९५७ सालची गोष्ट सांगितली. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. डेट्रॉइट टायगर्सच्या अखत्यारीत असलेल्या बुल्स संघात त्या हंगामात पहिल्यांदा दोन कृष्णवर्णीय खेळाडू आले : बबा मॉर्टन आणि टेड रिचर्डसन. जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिनमध्ये बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत फोडून दहा वर्षं झाली होती. बातमी कारखान्यात पोचली तशी वडिलांनी ठरवलं, पोरीला न्यायचं. आईने यायला साफ नकार दिला. “ते आत खेळणार आणि मी ठरवून दिलेल्या बाकावर बसणार? मला पाहिजे तिथे बसता येईल तेव्हा येईन,” ती म्हणाली. वडिलांनी रविवारची चर्चची हॅट डोक्यावर चढवली आणि मुलीचा हात धरून निघाले. वाटेत त्यांनी तिला बजावलं, त्याने चेंडू चुकवला तरी मान खाली घालायची नाही, त्याने मारला तरी नुसतं ओरडत सुटायचं नाही. नीट बघून घ्यायचं, म्हणजे पुढे सांगता येईल.

“म्हणून मी तुला सांगतेय,” मॅम म्हणाल्या.

सामन्याचा निकाल त्यांच्या लक्षात नाही. लक्षात आहे ते एवढंच की मॉर्टन मैदानात उतरला तेव्हा त्यांच्या बाकांवरचे सगळे उभे राहिले आणि वडिलांनी हॅट काढली. मॉर्टन पुढे १९६१ साली डेट्रॉइटच्या मुख्य संघात पोचला. आणि त्याच १९५७च्या २३ जूनला, तरुण धर्मोपदेशक डग्लस मूर यांच्यासोबत काही मुलंमुली डरममधल्या रॉयल आइस्क्रीम पार्लरमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या बाजूला जाऊन बसली. पोलिसांनी सातही जणांना पकडलं. ग्रीन्सबरोच्या प्रसिद्ध ‘सिट-इन’च्या जवळजवळ तीन वर्षं आधीची ही गोष्ट. एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात, प्रश्न एकच होता : कोणी कुठे बसायचं?

हा प्रश्न मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. माझे आजोबा क्रिकेटचे वेडे. ते आम्हाला पालवणकर बाळूंची गोष्ट सांगायचे. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखणारा आणि सरावात गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकणारा चांभार समाजातला मुलगा. त्याची फिरकी इतकी अवघड की हिंदू संघाला त्याच्यावाचून चालेना, आणि तरी चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पिणार आणि बाळू बाहेर उभा राहून मातीच्या भांड्यातून. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. आजोबा ही गोष्ट सांगताना बळींच्या आकड्यापाशी थांबत नसत, त्या भांड्यापाशी थांबत. मी ती मॅमना सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “तो परत आत गेला का, खेळायला?” मी म्हटलं, गेला. त्यांनी मान डोलावली. बबा मॉर्टनही तसाच आत गेला होता.

१९६३ साली याच मैदानावर जो मॉर्गन आला. कॅलिफोर्नियात वाढलेला, एकोणीस वर्षांचा, अंगाने लहानखुरा. पुढे सिनसिनाटी रेड्सबरोबर १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ दोन विश्वविजेतेपदं जिंकणारा, दोन्ही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि १९९०मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला मॉर्गन. दक्षिणेतलं वर्णीय विभाजन त्याने तोवर जवळून पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात डरमच्या रस्त्यांवर हजारो विद्यार्थी उतरले होते. हॉटेलं, सिनेमागृहं, उपाहारगृहं सगळ्यांना खुली करा, ही मागणी. सतरा वर्षांच्या मॅमही त्यात होत्या. शेकडो तरुणांना अटक झाली आणि शेवटी नव्या महापौरांना वाटाघाटींना बसावं लागलं. मॉर्गनचा १८ क्रमांक बुल्सनी पुढे निवृत्त केला. आज तो मैदानावर मानाने मिरवतो. तो उन्हाळा कसा होता हे मात्र क्रमांक सांगत नाही, ते मॅम सांगतात.

जुन्या मैदानावरून आम्ही दक्षिणेकडे वळलो, पॅरिश रस्त्यावर थांबलो. या रस्त्याला एके काळी ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणत. जॉन मेरिक नावाचा माणूस १८५९ साली गुलामगिरीत जन्मला, न्हावी झाला, तंबाखूसम्राट ड्यूक घराण्याची हजामत करता करता त्याने शहरात स्वतःची अनेक दुकानं उभी केली. त्याने, शहरातले पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर एरन मूर यांनी आणि त्यांचे भाचे सी. सी. स्पॉल्डिंग यांनी नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही विमा कंपनी नावारूपाला आणली. स्थापना १८९८ची. गोऱ्या कंपन्या ज्यांचा विमा उतरवत नसत किंवा उतरवला तर जादा हप्ता लावत, त्यांच्याकडून दर आठवड्याला थोडी थोडी नाणी गोळा करत ती देशातल्या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय मालकीच्या कंपन्यांपैकी एक झाली. जोडीला मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक आली. लिंकन रुग्णालय १९०१ साली आलं. बुकर टी. वॉशिंग्टन आणि ड्यू बॉइस या दोन कृष्णवर्णीय नेत्यांचं एकमेकांशी पटत नसे, पण डरम पाहून दोघांनीही कौतुकच केलं.

पॅरिश रस्त्यावर कचेऱ्या होत्या. माणसं राहायची ती रेल्वे रुळांच्या दक्षिणेला, हेटाय वस्तीत. स्वातंत्र्य मिळवणाऱ्या हैती देशावरून पडलेलं हे नाव. मॅमचं घर तिथलं. त्या गाडीत डोळे मिटून दुकानं मोजू लागल्या : शिंपी, छायाचित्रकार, औषधांचं दुकान, दोन सिनेमागृहं, हॉटेल, अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे, फ्राइड फिशचा वास येणारा कोपरा. “सगळं आपलं होतं. बाहेर पाऊल टाकलं की मग पाट्या वाचायच्या. आत पाट्या नव्हत्या.” व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्च याच वस्तीत होतं. १९६०च्या फेब्रुवारीत मार्टिन लूथर किंग तिथे आले आणि तुरुंगाला भिऊ नका, वेळ आली तर तुरुंग भरा, असं त्यांनी तरुणांना सांगितलं. मॅमना आत जागा मिळाली नाही. वडिलांच्या खांद्याला धरून त्या बाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.

मग नगर-नूतनीकरण आलं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस योजना, साठच्या दशकात पाडापाडी. सरकारी पैसा केंद्राकडून येणार, जुनी घरं जाऊन नवी येणार, धंद्यांना नव्या जागा मिळणार, असं सांगितलं गेलं. १९६२च्या मतदानात हेटायमधल्या अनेकांनी याच आशेने बाजूने मत दिलं. मॅमच्या वडिलांनीही दिलं होतं. वस्तीतून फ्रीवे गेला. चार हजारांवर कुटुंबं हलली आणि पाचशेच्या आसपास व्यवसाय उठले, असा हिशोब डरममध्ये सांगितला जातो. वचन दिलेली नवी घरं फारशी आलीच नाहीत. धंदेवाल्यांना तात्पुरत्या म्हणून पत्र्याच्या शेड दिल्या, आणि त्या तात्पुरत्या शेडमध्ये काहींची उरलेली कारकीर्द गेली. व्हाइट रॉकची इमारतही याच पाडापाडीत गेली. १८९१ सालचं सेंट जोसेफ्स चर्च तेवढं वाचलं. आज ते हेटाय हेरिटेज सेंटर आहे, फ्रीवेच्या कडेलाच, विटांचं आणि रंगीत काचांचं.

मॅमच्या घराची जागा आता रस्त्याखाली आहे. भरपाईत जे आलं त्यातून वडिलांना दूरवर भाड्याचं घर मिळालं. स्वतःचं घर त्यांनी पुन्हा बांधलं नाही. “ते कधी चिडले नाहीत,” मॅम म्हणाल्या, “पण त्यानंतर सामन्याला जायचे बंद झाले. मैदान आता पायी जाण्याच्या अंतरावर नव्हतं.” हे मी ऐकलं आणि छोट्या मैदानाचा खरा अर्थ मला कळला. मोठ्या लीगचा सामना बघायला माणूस वर्षातून एकदा गाडी काढून जातो. छोट्या मैदानावर तो काम संपवून, त्याच कपड्यांत, पोरीचा हात धरून चालत जातो. मैदान आणि वस्ती यांच्यामधली वाट मोडली की मैदान शाबूत राहूनही त्या माणसापुरतं संपतं.

बुल्सचंही त्याच सुमारास संपत आलं होतं. १९७१नंतर संघच राहिला नाही. मैदान ओस पडलं. १९८० साली माइल्स वुल्फ या तरुणाने काही हजार डॉलर मोजून संघाचे हक्क घेतले आणि गवत पुन्हा हिरवं केलं. मग १९८७च्या शरदात रॉन शेल्टन चित्रपटाचा ताफा घेऊन आला. तो स्वतः अनेक वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या स्तरावर, खेळलेला. गवत तोवर पिवळं पडलेलं, तर त्याला हिरवा रंग मारून उन्हाळा उभा केला गेला. १९८८ साली ‘बुल डरम’ आला आणि केविन कॉस्नरच्या त्या चित्रपटाने मायनर लीगला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिले. कुंपणावरचा लाल डोळ्यांचा, नाकातून धूर सोडणारा लाकडी बैल त्या चित्रपटासाठीच बनवलेला. बैलाला चेंडू लागला तर फलंदाजाला स्टेक. चित्रपट संपला, बैल मैदानावर राहिला. १९९० साली बुल्सच्या सामन्यांना तीन लाखांवर प्रेक्षक आले. सिंगल-ए दर्जाच्या संघाने तोवर असा आकडा गाठला नव्हता. त्याच वर्षी नव्या मैदानासाठी कर्ज काढायला मतदारांनी नकार दिला, तरी नगरपालिकेने वेगळ्या वाटेने पैसा उभा केला आणि १९९५ साली दक्षिणेला नवं मैदान उघडलं.

त्या नव्या मैदानावर आम्ही संध्याकाळच्या सामन्याला गेलो. १९९८पासून बुल्स टँपा बेच्या मोठ्या लीगच्या संघाशी जोडलेले आहेत, ट्रिपल-ए दर्जाचे, म्हणजे शिडीची वरून दुसरी पायरी. मोठ्या लीगमधला प्रत्येक संघ खाली असे चार संघ पोसतो. तीस संघांचे एकशेवीस. २०२०च्या हंगामानंतर चाळीसहून जास्त लहान गावांचे संघ या रचनेतून कापले गेले. जे उरले त्यांतल्या खेळाडूंना वर्षानुवर्षं अगदी तुटपुंजा पगार होता. २०२२ साली ते संघटित झाले आणि २०२३च्या पहिल्या करारात ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर ठरलं. समोर सराव करणारा पोरगा उद्या फोन आला तर टँपा बेच्या संघात जाईल, नाही आला तर आणखी एक उन्हाळा इथेच. म्हणून या सामन्यांत एक वेगळी धग असते. डावीकडे ‘ब्लू मॉन्स्टर’ ही ३२ फुटी निळी भिंत, तिच्यावर नवा बैल. आता त्याच्या पायाखालच्या गवताला चेंडू लागला तर सॅलडही मिळतं. शेजारी अमेरिकन टोबॅकोचा कारखाना : १९८७ साली बंद पडला, २००४पासून कचेऱ्या, उपाहारगृहं आणि मधून वाहणारं पाणी. ‘लकी स्ट्राइक’ लिहिलेलं धुराडं आणि पाण्याची टाकी तशीच ठेवली आहे. माझे काही मराठी मित्र त्या इमारतींत नोकरी करतात. मॅमच्या आईचं काम चालायचं तशाच भिंतींमध्ये आता संगणक आहेत.

आणि मैदानाच्या दक्षिणेला लागून फ्रीवे. तोच.

मधल्या डावात मॅमनी मला त्यांच्या आईची गोष्ट पुरी करून सांगितली. वडील त्याआधीच गेले होते. नवं मैदान उघडलं त्या वर्षी आई म्हणाली, आता येते. आयुष्यातला तिचा तो पहिला सामना. मॅमनी होम प्लेटच्या मागची चांगली तिकिटं काढली. दोन डाव झाल्यावर म्हातारी उठली आणि दुसऱ्या बाजूला एका रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. आणखी एका डावाने तिसरीकडे. मॅम काठी आणि पर्स घेऊन मागोमाग. त्यांनी विचारलं, आई, इथून दिसत नाही का? ती म्हणाली, “सगळीकडून दिसतं. मी बघतेय कुणी उठवतं का.” कुणी उठवलं नाही. सातव्या डावात सगळं मैदान गाणं म्हणायला उभं राहिलं तेव्हा ती सगळ्यांत वरच्या रांगेत होती. तिथून तिने फ्रीवेकडे बोट केलं आणि घर कुठे होतं ते अंदाजाने मुलीला दाखवलं.

डरमने बरंच वाचवलं आहे आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. जुनं मैदान पाडलं नाही, दुरुस्त करून विद्यार्थ्यांना खेळायला दिलं. तंबाखूची गोदामं उभी ठेवली, बैल जपला. जे वाचवलं त्यावर पाट्या लागल्या, पर्यटक आले, पैसा आला. जे वाचवलं नाही ते त्याच्याच शेजारी आहे आणि ते फक्त माणसांच्या स्मरणात आहे. विटांची इमारत शंभर वर्षं थांबते. १९५७ साली त्या बाकावर अकरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्यासारख्यांचं बोलणं नोंदवण्याचं काम हेटाय हेरिटेज सेंटरचं आहे, ग्रंथालयांचं आहे, आणि या शहरात पोट भरायला आलेल्या आमच्यासारख्यांचंही आहे. निपाणीत माझ्या आजीचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही. मीही नाही; तेव्हा मी लहान होते. आता लहान नाही.

या भागात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. जवळच्या मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कवर क्रिकेट जोरात चालतं. २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले तेव्हा आमच्या ओळखीतलं जवळजवळ प्रत्येक घर गवतावर चादरी अंथरून बसलं होतं. तेही एक छोटं मैदानच, आणि तिथे आमच्या मुलांना कुणी कुठे बसायचं ते सांगत नाही. हा हक्क या दक्षिणेत आयता पडलेला नव्हता. तो रॉयल आइस्क्रीमच्या बाकावर बसलेल्या सात जणांनी, मे १९६३च्या मोर्च्यांनी, आणि नको त्या बाकावर बसायला नकार देणाऱ्या एका तंबाखू कामगार बाईने मिळवलेला आहे. आम्ही १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर उघडलेल्या दारातून या देशात आलो. ते दार ज्या चळवळीच्या रेट्याने उघडलं, तिचं एक घर हेटाय आहे.

म्हणून माझी ओळखीच्या सगळ्यांना एक विनंती असते. बुल्सच्या सामन्याला जरूर जा, मुलांना बैल दाखवा. पण दोन तास आधी निघा. गाडी फ्रीवेच्या पलीकडे, सेंट जोसेफ्सपाशी लावा, आत जाऊन चित्रं बघा, तिथल्या वयस्कर माणसांना विचारा आणि ती सांगतील तेवढं ऐका. मग तिथून मैदानापर्यंत पायी चालत जा. मॅमचे वडील पोरीला घेऊन सामन्याला चालत जायचे ते याच वस्तीतून. ती वाट जेवढी चालता येईल तेवढी मुलांना चालवा, आणि चालता चालता मुलांना सांगा, इथे कोण राहत होतं.